गॉगलमधल्या देवांची धोतरं

आमच्या शाळेत चित्रकलेच्या वर्गाला नळ होता, पाणी नव्हतं. ब्रश धुवायचे तर पोरांनी जिने उतरून मैदानातल्या टाकीवर जायचं आणि परत येताना ते एकमेकांच्या शर्टाला पुसत यायचं, ही पद्धत मी नव्वदच्या दशकाच्या शेवटी नोकरीला लागले तेव्हापासून चालत आली होती. नळाचं मी दर जूनमध्ये मुख्याध्यापकांच्या कानावर घालायची. ते दर जूनमध्ये "बघू या, बाई" म्हणायचे. अशी पाच-सहा वर्षं त्यांनी बघण्यात घालवली, आणि मग एकदाचं संस्थेचं लक्ष चित्रकलेच्या वर्गाकडे गेलं. नळ राहिला बाजूला. आम्हाला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी मिळाली.

त्याचं असं झालं की आमच्या संस्थेचे अध्यक्ष हॉलंडला जाऊन आले. अध्यक्ष विंचूरकडचे. कांदा त्यांच्या घरात आजोबांपासूनचा, द्राक्षं अलीकडची आणि शिक्षणाची आवड त्याहून अलीकडची. द्राक्षं निर्यात करणाऱ्यांच्या घोळक्याबरोबर ते तिकडे गेले होते. तिथल्या कुठल्याशा प्रदर्शनात कुणीतरी त्यांच्या डोळ्यांवर एक यंत्र चढवलं आणि अध्यक्ष थक्क झाले. परत आल्यावर शिक्षकांच्या सभेत त्यांनी तो अनुभव सांगितला. "मान वळवली की तिकडचं दिसतं," ते म्हणाले. "वर बघितलं की वरचं दिसतं." हा अनुभव आम्हा सगळ्यांना जन्मापासून होता, पण संस्थेच्या अध्यक्षांना असं सांगायचं नसतं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

यंत्र नेमकं नवरात्रात येऊन पोचलं, त्यामुळे ते थेट खंडेनवमीच्या पूजेलाच बसलं. प्रयोगशाळेतले तराजू, झेरॉक्स मशीन, शाळेची घंटा, आणि मधोमध झेंडूची माळ घातलेला तो गॉगल. गॉगल आपलं आम्ही म्हणायचो. दिसायला तो हेल्मेटचा पुढचा अर्धा भाग होता. आत दोन इवले पडदे, मागून जाडजूड वायर संगणकाला गेलेली, आणि हातात धरायला एक दांडा. गॉगल घालणाऱ्याला जे दिसतं तेच शेजारच्या टीव्हीवर बाकीच्यांनाही दिसायचं. पूजा करणाऱ्या सरांनी भक्तिभावाने गॉगलला आतून-बाहेरून हळदकुंकू लावलं. पुढचे कित्येक दिवस जो कुणी तो घालेल त्याला उजव्या डोळ्याने सगळं तांबूस दिसायचं, आणि संगणकाचे सर ते परदेशी तंत्राचं वैशिष्ट्य म्हणून समजावून सांगायचे.

यंत्राबरोबर एक सीडी होती आणि सीडीत एक कलादालन. उंच खांब, चकचकीत फरशी आणि ठिकठिकाणी ग्रीक पद्धतीचे संगमरवरी पुतळे. दांडा पुढे ढकलला की आपण दालनात चालू लागतो, हव्या त्या पुतळ्यापाशी जाऊन उभं राहता येतं. मुलांनी ते बघून रेखाटन करायचं अशी कल्पना. कल्पनेत वाईट काही नव्हतं, हे मी तेव्हाही म्हणत होते. नाशिकच्या पोरांना ग्रीक पुतळा एरवी कोण दाखवणार होतं?

गॉगल घालायचा पहिला मान मुख्याध्यापकांचा. स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या साक्षीने त्यांनी तो चढवला, दांडा ढकलला आणि दालनात शिरले. पहिला पुतळा भाला उगारलेल्या गड्याचा होता. दुसरा नुसताच उभा होता. तिसरी एक बाई, आंघोळ करून टॉवेल शोधत असावी अशी. तिघांच्याही अंगावर चिंधी नव्हती, आणि टीव्ही चालू असल्यामुळे मुख्याध्यापकांना आणि स्टाफरूमला हे एकाच वेळी कळलं. मुख्याध्यापकांनी गॉगल काढला, स्वतःचा चष्मा पुसला आणि विचारलं, "सगळेच असे आहेत का?" संगणकाचे सर आत जाऊन सगळं दालन फिरून आले आणि सगळेच तसे आहेत असं त्यांनी सांगितलं. फिरायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला असं मराठीच्या बाईंचं मत पडलं.

यंत्र परत करायचा प्रश्नच नव्हता. त्याची पूजा झाली होती, शिवाय ते अध्यक्षांनी आणलं होतं. मग संगणकाच्या सरांनी तोडगा काढला. सीडी संगणकावर उतरवल्यावर एका फोल्डरमध्ये त्यांना पुतळ्यांच्या अंगाची चित्रं सापडली. म्हणजे पुतळा हा आतून नुसता पोकळ आकार, आणि त्याच्यावर हे चित्र उशीच्या अभ्र्यासारखं चढवलेलं. चित्र बदललं की पुतळा बदलला. सरांनी जिथे जिथे गरज वाटली तिथे तिथे काळे चौकोन टाकले. बाईच्या बाबतीत त्यांना गरज बऱ्याच ठिकाणी वाटली, त्यामुळे ती शब्दकोड्यासारखी दिसू लागली.

दिवाळीपर्यंत मी हे चौकोनी शिक्षण दिलं. गॉगल एक, वर्गात मुलं साठाच्या घरात, आणि वीज भारनियमनातून उरेल तेवढी. टीव्ही मी बंद ठेवायची, नाहीतर बाकीची मुलं कागद सोडून तिकडेच बघत बसायची. ज्याला गॉगल मिळेल तो लगेच हात लांब करायचा, पेन्सिल उभी धरायचा आणि एक डोळा मिटून माप घ्यायला लागायचा, कारण वस्तुचित्रात असंच माप घ्यायचं हे मीच वर्षानुवर्षं त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. गॉगलच्या आत पेन्सिल दिसत नसते, हातही दिसत नसतो. पोरगं हवेत पेन्सिल खुपसत राहायचं आणि पुढच्या बाकावरचा कान धरून ओरडायचा. रेखाटनांत पुतळे कसेबसे उभे असायचे, पण काळे चौकोन मात्र सगळ्यांनी जीव ओतून काढलेले. एकाने तर चौकोनाला छटा देऊन त्याची मांडीवर सावलीही पाडली होती. सावलीची दिशा बरोबर होती, म्हणून मी त्याला शेरा चांगला दिला. तास संपला की गॉगलचा पट्टा स्पिरिटने पुसायची, कारण त्याला अख्ख्या वर्गाचं खोबरेल लागलेलं असायचं.

त्या ढिगात एक रेखाटन वेगळं होतं. ते दहावीतल्या एका मुलीचं. भालेवाल्याचा सगळा भार मागच्या पायावर आहे आणि त्यामुळे कंबर एका बाजूला कलली आहे, हे तिने चौकोनासकट पकडलं होतं. मी तिला पाचवीपासून बघत होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हींत ए ग्रेड, पण ग्रेड काय, घोकून काढणाऱ्यांनाही मिळते. हिला दिसायचं. एखाद्याला सूर कळतो तसं हिला वजन कळायचं, कुठली वस्तू कशावर टेकली आहे ते. इतक्या वर्षांत अशी एखादीच मुलगी माझ्या वर्गात आली, आणि ती वाया जाऊ नये असं मला फार वाटत होतं. एवढं साधं सरळ मला शाळेतल्या दुसऱ्या कुठल्याच गोष्टीबद्दल वाटत नव्हतं.

तिला दहावीनंतर चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. घरी ठरलं होतं बारावी आणि मग डी.एड. त्या काळात आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलींचं हेच ठरलेलं असायचं, डी.एड. झालं की प्राथमिक शाळेत नोकरी आणि नोकरी लागली की स्थळ, असा तो सरळ रस्ता होता. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. मूळचे चांदवडकडचे, देवीचे भक्त. त्यांनी मुख्याध्यापकांना सांगितलं होतं की स्नेहसंमेलनाला येतो, चित्रकलेत काय शिकवतात ते डोळ्यांनी बघतो आणि मग पोरीचं काय ते ठरवतो. "बाई, पप्पांना चांगलं दाखवा," मुलगी मला म्हणाली. "ते एकदा नाही म्हणाले की मग नाहीच."

स्नेहसंमेलनात दाखवायला चांगलं म्हणजे काय, तर अध्यक्षांनी गॉगलच ठेवायचं फर्मान काढलं होतं. सगळ्या पालकांनी रांगेने तो घालायचा, टीव्हीही चालू ठेवायचा. आणि गॉगलमध्ये होते ते चौकोनवाले. देवीला नवस बोलणारा माणूस शाळेत येणार, पोरीच्या कलेच्या नावाखाली त्याला शब्दकोडं घातलेली नागडी बाई दिसणार, आणि पोरीचं कॉलेज तिथेच बुडणार, असं चित्र मला स्वच्छ दिसत होतं. मुख्याध्यापकांना त्यांच्यापुरतं, गॉगलच्या रांगेत उभ्या असलेल्या अध्यक्षांच्या घरच्या मंडळींचं चित्र दिसत होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"बाई, तुम्ही त्यांना कपडे घाला," ते म्हणाले.

"कुणाला?"

"त्या मंडळींना. चौकोन बरे दिसत नाहीत. तुम्ही कलाकार आहात. आणि दिवाळीच्या सुट्टीत तुम्हाला वेळच वेळ."

वेळच वेळ होता हे खरं, कारण मी तासावर होते. जेवढे तास शिकवाल तेवढ्याचे पैसे. दिवाळीचे नाहीत, मे महिन्याचे तर नाहीतच. पर्मनंट शिक्षक सुट्टीत पगारी विश्रांती घ्यायचे आणि मी बिनपगारी. "तुमचं या वर्षी नक्की होणार" हे मला इतक्यांदा सांगून झालं होतं की ते मी शुभेच्छापत्रासारखं घ्यायची. हसायचं, थँक्यू म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. एरवी मी मुख्याध्यापकांना काहीतरी तिरकं बोलून परत आले असते. त्या मुलीसाठी मी हो म्हटलं.

अशी मी दिवाळीत चकल्या बाजूला ठेवून ग्रीकांना कपडे शिवायला बसले. साधन म्हणजे माऊस, आणि संगणकात फुकट येणारी ती रंगाची डबी. ब्रश हातात धरून काढणाऱ्याला माऊसने काढायला लावणं म्हणजे साबणाच्या वडीने सही करण्यासारखं आहे. पहिला दिवस भालेवाल्याच्या धोतराचा एक काठ सरळ येण्यात गेला. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मला त्यात गोडी वाटायला लागली, हे कबूल करायला हवं. धोतर काढायचं तर आधी गुडघा कुठे आहे ते समजावं लागतं. निरी कुठून सुटेल, कापड कुठे ताणलं जाईल, कुठे ढिलं पडेल, हे सगळं खालचं शरीर ठरवतं. प्रशिक्षणाच्या वेळी शरीररचना आम्हाला पुस्तकातून शिकवली होती, त्यातही पानं चिकटवलेली. ती मला त्या दिवाळीत कळली, नागडी माणसं झाकताना. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा कलाशिक्षणाला काही उपयोग झाला असेल तर तो एवढाच, आणि तो शिक्षिकेला झाला.

भालेवाल्याला धोतर आणि उपरणं दिलं. नुसत्या उभ्या असलेल्याला पीतांबर. बाईला मी येवल्याची पैठणी नेसवली, जांभळी, पदरावर मोर. माऊसमुळे मोर कोंबड्याकडे झुकले, पण लांबून शोभत होते. रोज संध्याकाळी मुख्याध्यापक येऊन बघायचे आणि दुरुस्त्या सुचवायचे. पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत हव्यात. उघड्या छातीवर जानवं नको, उगाच वाद होईल. कपाळ मोकळं दिसतंय, गंध लावा. मी गंध लावलं. अध्यक्षांनी एकदा येऊन पाहिलं आणि भालेवाल्याला पांढरी टोपी शोभेल का असं विचारलं. नाही शोभणार, असं मी सांगितलं. त्या कामात माझा शब्द चालला असा तो एकमेव प्रसंग.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी हॉलमध्ये मांडववाल्याकडून जनरेटर आणून ठेवला होता. त्याच्या आवाजात अध्यक्षांचं भाषण झालं. नाशिक आता मागे राहिलेलं नाही, असा त्याचा सारांश. मग त्यांनी स्वतः गॉगल घालून दाखवला, दालनात शिरले आणि खांबाला धडकले. पाठोपाठ पालकांची रांग लागली. प्रत्येक जण खांबाला किंवा भिंतीला धडकून हसत बाहेर येत होता. पुतळ्यांपर्यंत फारच थोडे पोचले, आणि जे पोचले ते समोर उभं राहून "वा" म्हणून वळले. मुख्याध्यापक खूश होते. मुलगी दाराशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

तिचे वडील उशिरा आले, ड्यूटीवरून थेट, खाकी कपड्यांत. गाडी द्वारका चौकात अडकली होती, ते म्हणाले, आणि माझ्यासमोर हात जोडून उभे राहिले. शांत, अंगाने भरलेला माणूस. मुलीने त्यांना रांगेत न थांबवता थेट पुढे आणलं, गॉगल घालून दिला आणि हातात दांडा दिला. त्या दिवशी दालनात कशालाही न धडकता चालणारे ते पहिलेच. दांडा हातात आल्यावर त्यांनी तो एकदा पुढे-मागे करून बघितला, अंदाज घेतला, आणि खांबांमधून अलगद वळणं घेत स्वतःला भालेवाल्यासमोर नेऊन उभं केलं. टीव्हीवर सगळा हॉल बघत होता. भालेवाला धोतरात, उपरण्यात, गंध लावून उभा होता आणि माझ्या मते बराच देखणा दिसत होता.

त्यांनी दांडा मुलीच्या हातात दिला आणि दोन्ही हात जोडले. "कोणता देव हाय हा?"

संगणकाचे सर गडबडले. "ग्रीसचा," ते म्हणाले.

"लांबचा हाय." थोडा वेळ ते तसेच हात जोडून होते. मग म्हणाले, "प्रदक्षिणा घालता येती का याला?"

"येते ना," सरांनी अभिमानाने सांगितलं. "दांडा डावीकडे दाबत राहा, आपोआप गोल फिरता."

मला तेव्हाही शंका आली नाही. मी जन्मभर कागदावर काम केलेली बाई. कागदावरच्या माणसाला पाठ नसते. आपण त्याला समोरून काढतो आणि तो मरेपर्यंत समोरूनच उभा राहतो. रोज संध्याकाळी मी गॉगल घालून काम तपासलं होतं, पण पुतळ्यासमोर उभं राहून, तेही घाईघाईने, कारण गॉगल घातला की मला मळमळायचं. पाठीची चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये होती आणि ते फोल्डर आम्ही कुणी उघडलंच नव्हतं. मागच्या बाकांवरच्या झाडून सगळ्या मुलांना हे केव्हापासून माहीत होतं, हे मला त्या संध्याकाळनंतर कळलं.

त्यांनी मुलीकडून दांडा परत घेतला आणि टीव्हीवर भालेवाला हळूहळू वळायला लागला. खांदा आला, उपरण्याचं टोक आलं, आणि मग कात्रीने कापल्यासारखं धोतर संपलं. त्याच्यापुढे सगळा संगमरवर. मानेपासून टाचेपर्यंत, पांढराशुभ्र, टीव्हीच्या पूर्ण उंचीचा. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि हसू फुटलं. मुख्याध्यापक दोन्ही हात पसरून टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले, पण ते किरकोळ प्रकृतीचे असल्यामुळे देवाचा बराच भाग दोन्ही बाजूंनी उरला. अध्यक्ष जनरेटरमध्ये काही बिघाड झाला आहे का ते बघायला गेले.

मुलीचे वडील थांबले नाहीत. प्रदक्षिणा अर्ध्यात सोडत नाहीत. त्यांनी ती त्याच गतीने पूर्ण केली, पुन्हा धोतराच्या बाजूला येऊन उभे राहिले, नमस्कार केला आणि मग गॉगल काढला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकच होतं, गेली पोरगी.

"मागचं राहिलं वाटतं, बाई," ते म्हणाले. ते रागावलेले नव्हते. ओठाच्या कोपऱ्यात हसत होते.

"हो," मी म्हटलं. "राहिलं."

"पण पुढचं धोतर झकास नेसवलंय. तुमी काढलं हे?"

"मीच. दिवाळीच्या सुट्टीत."

"नागड्याचं काय नाय हो," ते म्हणाले. "आमच्याकडं नदीवर पोरं तशीच असतात. हिची चित्रं बघतो मी घरी. हात लय चांगला हाय पोरीचा, तेवढं मला कळतं." मला वाटलं झालं, जिंकलो. सगळी दिवाळी ज्याच्यासाठी घातली ते या माणसाच्या खिजगणतीतही नव्हतं, हे बघून मला हसूही आलं. मग त्यांनी विचारलं, "सुट्टीत काम केलं म्हणता. सुट्टीचा पगार मिळतो का तुमाला?"

मी उत्तर द्यायच्या आत ते म्हणाले, "म्हंजे, पर्मनंट हाय ना तुमी?"

अध्यक्ष तोवर जनरेटरकडून परत आले होते. "आहेतच की," ते मोठ्याने म्हणाले. "बाई म्हणजे आमच्या घरच्या. पर्मनंटच."

आजूबाजूच्या पालकांनी माना डोलावल्या. पण ड्रायव्हरसाहेबांनी अध्यक्षांना विचारलंच नव्हतं. ते माझ्याकडे बघत थांबले. मुलगीही माझ्याकडे बघत होती. शाळेतल्या प्रत्येक मुलाला कोण शिक्षक पर्मनंट आणि कोण तासावर हे पक्कं माहीत असतं, तसं तिलाही होतं. आणि तिची नजर मला हो म्हणा, असं विनवत होती. मी हो म्हटलं असतं तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. अध्यक्षांनी आधीच म्हटलं होतं, मला फक्त मान हलवायची होती. एवढे दिवस मी त्या दालनात झाकाझाकीशिवाय दुसरं काय केलं होतं?

"नाही," मी म्हटलं. "तासावर आहे."

"किती वर्षं?"

"बरीच झाली."

त्यांनी मान हलवली. "मी बी लय वर्षं रोजंदारीवर काढली," ते म्हणाले. "ही तवा लहान होती. बदलीचा ड्रायव्हर म्हून सकाळी डेपोत जाऊन बसायचं, गाडी मिळाली तर मिळाली. हिच्या आईला इचारा कसे काढले ते दिवस." त्यांनी गॉगल दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला. "तुमच्यासारखा हात असून तुमी तासावर, बाई. मग हिचं काय सांगावं." एवढं बोलून त्यांनी मला पुन्हा नमस्कार केला, मघापेक्षा जरा जास्त वाकून, आणि मुलीला म्हणाले, "चल."

मला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. त्या यंत्राबद्दल नवरात्रापासून सगळ्यांनी सगळं विचारलं होतं, कितीला पडलं, वॉरंटी आहे का, डोळ्यांना त्रास होतो का. मी कशी जगते हे विचारणारा तो एकटा माणूस होता, आणि त्याच प्रश्नावर पोरीचं कॉलेज संपलं. घरी जाऊन मी खूप रडले. कुणावर चिडावं तेच मला कळत नव्हतं.

पुढच्या तासाला ती नेहमीच्या जागी बसली होती. बोर्डाची परीक्षा जवळ आलेली, चित्रकलेचे तास दहावीला नावापुरते उरले होते. मी बाकांमधून फिरत तिच्यापाशी थांबले. ती टाकीवरून भरून आणलेल्या पाण्याच्या डबीत ब्रश हलवत होती आणि कागद कोरा होता. तिने वर बघितलं नाही.

"बाई, हो म्हणायचं होतं ना," ती म्हणाली.

खरं बोलण्याबद्दलचे सुविचार मी त्या शाळेच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने, रंगीत खडूंनी, शेकड्याने लिहिलेले आहेत. त्यातला एकही मला तिच्यासमोर उच्चारता आला नाही. मी पुढच्या बाकाकडे गेले.

अध्यक्षांना मात्र ते फार लागलं. भरल्या हॉलमध्ये, पालकांसमोर, त्यांनी पर्मनंट म्हटलं आणि मी नाही म्हटलं, म्हणजे एका तासावरच्या बाईने त्यांना खोटं पाडलं. आपला शब्द खरा करून दाखवायचा म्हणून त्यांनी शिक्षण खात्याच्या मागे लागून माझं पर्मनंटचं काम करून घेतलं. इतकी वर्षं जे होत नव्हतं ते एका उन्हाळ्यात झालं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी पर्मनंट होते, आणि तिचा अकरावीचा प्रवेशअर्ज भरून झाला होता, पुढे डी.एड. धरून. पेढे मी स्टाफरूममध्ये वाटले. तिच्या घरासाठी एक पुडा वेगळा बांधला होता. तो मी नेऊन दिला नाही.